सुंदराबाईंचा उपास

पर्वत पाटिया चौकात टेम्पोने धडक दिली आणि सुंदराबाईंच्या गोमती गायीचा पाय मोडला. ऑपरेशनला पूर्ण भूल लागणार होती. "पोटात चारा असला तर भुलीत तो उलटून घशात येईल आणि गाय गुदमरून मरेल. दीड दिवस काही देऊ नका," डॉक्टरांनी बजावलं.

मुलगा वाल्मिक गोठ्याच्या दारातच खाट टाकून बसला. गल्लीतल्या कुणाची भाकरी त्याने आत जाऊ दिली नाही. "गोमती उपाशी आणि मी जेवू?" म्हणत सुंदराबाईंनीही उपास धरला.

ऑपरेशनच्या सकाळी भुलीचं इंजेक्शन भरता भरता डॉक्टरांनी कौतुकाने विचारलं, "मावशी, आता तरी सोडला का उपास?"

"सोडला ना, डॉक्टरसाहेब. रीतीप्रमाणे आधी गोमतीला गोग्रास भरवला, मगच मी घास घेतला."