कुणाचा रे तू?

“एनप्पा, काय पाहिजे रे? मोठ्यानं सांग की! लाजतोस कशाला?”

सदाशिवअण्णांनी आवाज चढवला तशी काउंटरपाशी उभी असलेली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. समोरचा मुलगा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. अहो, निरोधचं पाकीट मागितलं होतं बिचाऱ्यानं, गांजा नव्हता मागितला! पण विद्यानगरातलं अण्णांचं औषधाचं दुकान म्हणजे नुसतं दुकान नव्हे, संस्कारकेंद्र. चहूकडे कॉलेजं आणि मधोमध अण्णा पहाऱ्याला.

“कुणाचा रे तू?” हा त्यांचा हुकमी प्रश्न.

“कलघटगीच्या... नारायण मास्तरांचा. प्रसाद.”

“अरे वा! मास्तर आपले जुने ओळखीचे. लावू फोन?”

प्रसाद खोकल्याच्या गोळ्या घेऊन पळाला. अण्णा पोट धरधरून हसले.

पुढे नवनगरात मराठी मंडळानं ‘तरुणांचे मार्गदर्शक’ म्हणून त्यांचा सत्कार केला. तिथं अण्णांनी हाच किस्सा मीठमसाला लावून सांगितला. “पाकीटच मिळालं नाही, तर पोरं करतील काय? गप अभ्यास करतील!” टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत त्यांची लेक वेदश्री बसली होती, त्यांना घरी ‘अप्पा’ म्हणणारी, धारवाडला एम.एस्सी. करणारी. ती तेवढी हसली नाही. “आमची पोर भारी सोज्वळ हो,” अण्णा शेजारच्याला कौतुकानं म्हणाले.

महिना-दीड महिना गेला. एका सकाळी ओढणीनं तोंड बांधलेली एक मुलगी काउंटरशी आली. बोलली काहीच नाही, नुसता मोबाइल पुढे धरला. त्यावर गर्भ राहिलाय का ते तपासायच्या किटचा फोटो. रस्त्यापलीकडे एक मुलगा स्कूटरवर मान खाली घालून बसलेला. अण्णांनी ओळखलाच, खोकल्याच्या गोळ्यांवाला!

झालं, आयतं सावज चालून आलं. अण्णांनी फोटो बघितला, गिऱ्हाइकं किती जमलीत ते बघितलं. मुलीकडं बघायची त्यांना गरजच वाटली नाही.

“बघा, बघा, आजकालची थेरं! आईबापांनी काय शिकवलं असेल देव जाणे.” अण्णांचा आवाज चढला. “कुणाची गं तू? मोठ्यानं सांग!”

मुलीनं ओढणी सोडली.

“तुमचीच, अप्पा. बाकीच्या दुकानांतही हेच विचारत होते. तिथं तुमचं नाव सांगायची लाज वाटली.”