वीस मिनिटं

संदेश आल्याचा दिवा लागला, पण पडदा कोराच होता. मंगळावर राहायची तालीम म्हणून लडाखमधल्या या घुमटात सहा जण स्वतःला कोंडून घेऊन बसले होते, आणि खऱ्या मंगळासारखाच इथे प्रत्येक संदेश वीस मिनिटं अडायचा, येताना आणि जातानाही. संदेश अडवणारा तो प्रोग्रॅम त्यांच्यातल्या वृंदानेच लिहिला होता. पळवाट एकही ठेवली नव्हती.

वीस मिनिटांनी धाकट्या भावाचा आवाज आला. "ताई, डॉक्टर म्हणतात, फार वेळ नाही. बाबांच्या कानाशी फोन धरून बसलोय. बोल काहीतरी."

ती बोलली. बटण दाबलं. तिचा आवाज खोलीतल्या खोलीतच अडकला, वीस मिनिटांसाठी.

बाहेर उभ्या जीपमध्ये थेट लागणारा फोन होता. दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. पण ती उघडली की सगळ्यांचा प्रयोग तिथेच संपणार.

"सात महिने काढलेत आपण," टीमचा प्रमुख कुणाकडेही न बघता म्हणाला.

वृंदा कडीला हात लावून उभी राहिली. जा, एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं. पाचही जण खाली मान घालून जेवत होते.