मित्रकीटकांचं प्रात्यक्षिक

मित्रकीटकांवर व्याख्यानं झोडून कृषितज्ज्ञ धनंजय गोडबोल्यांना स्लाइड्स पाठ झाल्या होत्या. शेतं ते गाडीच्या काचेतून बघत. आज लखनौजवळच्या बख्शी का तालाब गावातल्या शेतकरीण रामकलीने त्यांना आपल्या मोहरीच्या शेतात उतरवलं. त्यांच्या शब्दावर तिने फवारणी थांबवून पिकावरची मावा कीड खाणारे ढालकिडे, म्हणजे लेडीबग, सोडले होते. गावासमोर साहेबांनी पानावरची काटेरी अळी उचलली, "ये रहा दुश्मन!" म्हणत चिरडली. मग आणखी चार. रामकली कानाशी पुटपुटली, "साहब, ये तो अपने कीड़ों के बच्चे हैं." स्लाइडवर लाल, ठिपकेवाले थोरलेच होते, पिल्लं त्यांनी पाहिलीच नव्हती. "क्या हुआ, भौजी?" कुणीतरी रामकलीला विचारलं. "कुछ नहीं," ती मोठ्याने म्हणाली. "साहब दिखा रहे थे, ऐसा नहीं करना है." टाळ्या वाजल्या. साहेबांना मान वर करवेना. मागून फर्माईश आली, "हमें नहीं दिखा. एक बार और!"