न हलणारी रिबन

नव्या ऑफिसच्या छताला चिकटवलेली लाल रिबन सकाळपासून हलली नव्हती. जुन्या ऑफिसात ती एसीच्या जाळीला बांधलेली असायची. ती फडफडली, की सगळ्यांना गार वाटायचं.

"वारा नाही, तर थंडावा कसला हो?" कारकून ठवकरांनी इंजिनिअर हर्षदला विचारलं. बाहेर नागपूरचा मे महिना होता.

हर्षदने या हॉलच्या छतात नळ्या घालून त्यांतून गार पाणी फिरवलं होतं. त्याचं हे पहिलंच काम. संध्याकाळपर्यंत लोकांना पटलं नाही, तर साहेब पुन्हा एसी बसवणार होते. तो डोळे मिटून उभा राहिला. डोक्यावरून संथ पाणी आवाज न करता चाललं होतं आणि सगळा हॉल तळ्याच्या तळाशी असल्यासारखा निवांत होता. हे त्याला एकट्यालाच वाटत होतं का?

पाच वाजता साहेब एकेकाला विचारत निघाले. "वाराच नाही," जो तो म्हणाला. शेवटी हटवारबाई राहिल्या. एसीपायी बारा वर्षं भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसणाऱ्या.

"बाई, तुम्हाला कसं वाटतंय?"

बाईंनी सवयीने स्वेटर गळ्याशी ओढायला हात नेला. हाताला नुसता पदर लागला. स्वेटर सकाळपासून खुर्चीच्या पाठीवरच होता.

"अगबाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आठवणच नाही आली याची."

साहेबांनी हॉलभर नजर फिरवली. घाम कुणाच्याच कपाळावर नव्हता. मग ते टेबलावर चढले आणि त्यांनी रिबन काढून घेतली.