कालव्याकाठचा बाक

आठवडा झाला, तरी सुमेधाला सुट्टी मिळेना. "ऑफिसात फार काम आहे, बाबा. तुम्हीच फिरून या," ती म्हणाली. सहा वर्षांचा अबोला मिटवायला विश्रामराव लेकीकडे बेल्जियमला आले होते.

ते एकटेच निघाले. पूल ओलांडले, चर्चमध्ये जरा टेकले, गरम वॉफल खाल्लं आणि दुपारी कालव्यातल्या बोटीत बसले.

वळणावर, काठाच्या बाकावर सुमेधा दिसली. एकटीच, नुसती पाण्याकडे बघत. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात तिने घड्याळ पाहिलं, उठली आणि पुन्हा बसली. आपल्याला टाळायला लेक इथे दिवस ढकलते, हे त्यांना कळलं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

संध्याकाळी ती घरी आली. "मान वर करायला फुरसत नव्हती, बाबा."

"उद्याही मी एकटाच जाईन," ते म्हणाले. "तू सावकाश ये."