माझ्या मापाची पेटी

पाळकसाहेब दर रविवारी चर्चमध्ये सांगतात, म्हातारपणी प्रभूच्या बोलावण्याच्या तयारीत राहावं. मी विंझरचा सुतार, म्हणून पंच्याऐंशीव्या वर्षी फणसाच्या फळ्यांची शवपेटी केली, अगदी माझ्या मापाची. पण मंडळीत कुणीही गेलं की लोक टेम्पो घेऊन माझ्याच दारात उभे. माप माझं, पण पेटी बसते प्रत्येकाला. अशा पाच पेट्या गेल्या. सहावीचं झाकण बसवत होतो, तोच पाळकसाहेब दारात आले.

“ही न्हाई द्यायची,” मी त्यांना बजावलं. “मला बी जायचंय.”

“तुम्ही गेलात तर आमच्या पेट्या कोण करणार, काका? प्रभूनं उगाच नाही ठेवलं तुम्हाला.”

मी कानामागची पेन्सिल काढली आणि टेप ओढला.



“व्हय? मग जरा ताठ उभं ऱ्हावा, साहेब.”