तळाच्या पेशी

पेशींचा आकडा जास्त आला होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी पुन्हा मोजायला लावला. पुन्हा तोच. चार बाटल्यांतून एरवी निघतात त्याच्या दीडपट. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. अकराला पिशवी वॉर्डात जायची होती आणि उद्या सकाळी ऑपरेशन होतं. सासूची किडनी सुनेला.

"बघा ताई, एक थेंब वाया घालवला नाही," पेशी काढणारी मुलगी म्हणाली. ती इथे चार महिन्यांपूर्वी लागली होती. नळीतलं शेवटचं टिपूसही ती निथळून घ्यायची, म्हणून सगळे तिला कंजूष म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं.

बाई हसल्या नाहीत.

या पेशी सासूच्या रक्तातून काढून सात दिवस वाढवलेल्या होत्या. पहाऱ्यावरच्या पेशी. परकं काही सापडलं की ते उचलून लढणाऱ्या पेशींसमोर नेऊन धरायचं, एवढंच त्यांचं काम. पण कसं धरतात, त्यावर सगळं ठरतं. पेशी कच्ची, शांत असेल तर लढणाऱ्या शिकतात की हे चालवून घ्यायचं. पिकलेली, बिथरलेली असेल तर शिकतात की हे मारायचं. सुनेला कच्च्याच द्यायच्या होत्या. नेहमीची औषधं तिच्या लिव्हरला सोसत नव्हती, त्यामुळे या पेशींशिवाय ऑपरेशन करताच येणार नव्हतं. आणि पिकायला त्यांना फार काही लागत नाही. एक धक्काही पुरतो.

"काही तळाला चिकटून राहतात, त्या टाकायच्या असतात," बाई म्हणाल्या. "त्या कशा निघाल्या?"

"निघाल्या आपोआप."

"बाटल्या हलवल्यास?"

"नाही." मुलीनं कागद पुढे केला. प्रत्येक पायरीपुढे बरोबरची खूण, खाली सही. "लिहिलंय तसंच केलंय, ताई. मशीनवर पण बघा ना. शंभरात सहाच पिकलेल्या. पंधरापर्यंत चालतात."

मशीन खोटं बोलत नव्हतं. पण धक्का बसलेल्या पेशीच्या अंगावर पिकल्याच्या खुणा उमटायला एक दिवस जातो. त्या दिसल्या असत्या उद्या. तेव्हा सुनेच्या पोटात नवी किडनी असती.

"खरं सांग." बाईंचा आवाज चढला. "कोणाच्या जिवाशी खेळतेयस, कळतंय का तुला?"

मुलीचा चेहरा मिटला. "मी लिहिलंय तसंच केलंय."

दाराच्या काचेवर टकटक झाली. बाहेर सासू उभी होती. सकाळी आठपासून ती बाकावर बसून होती.

"झालं का माझं पार्सल?"

"थोडा वेळ लागेल, आजी."

"लागू दे. वीस वर्षांत तिला माझी एक गोष्ट पटलेली नाही. ही तरी पटायला हवी, म्हणून म्हटलं, नीटच होऊ दे."

बाईंनी दार लावलं. दहा अठरा. त्यांनी हातमोजे काढले आणि स्टूल ओढून मुलीसमोर नाही, तिच्या शेजारी बसल्या. दोघी समोरच्या रिकाम्या बाटल्यांकडे बघत राहिल्या.

"तळाला किती राहिल्या होत्या?" बाईंनी विचारलं. रोजच्या कामातलं काही विचारावं तसं.



"बऱ्याच," मुलगी म्हणाली. "पांढुरका थर होता. त्या आजी रक्त देताना तीन तास सुई टोचून बसल्या होत्या, ताई. डावा हात काळानिळा झाला होता. मला टाकवेना."

"मग?"

"बाटल्या तळहातावर आपटल्या. हळूच. दोनदोनदा."

"चारही?"

"दोनच. पण ओतल्या सगळ्या एकत्र."

बाईंनी पेन काढलं आणि पिशवीवरच्या लेबलवर आडवी रेघ मारली. मग सर्जनना फोन लावला.

"पिशवी येणार नाही. पुन्हा रक्त, पुन्हा सात दिवस."

"अहो, रिपोर्ट आत्ताच बघितला मी. स्वच्छ आहे." सर्जनचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"रिपोर्ट स्वच्छ आहे. पेशी स्वच्छ नाहीत."

"कोणी घातला हा घोळ?"

"इथे झाला," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मुलगी उठली होती. "आजींना मी सांगते."

बाईंनी तिला अडवलं नाही. त्या मागोमाग गेल्या आणि दारात थांबल्या.

मुलीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाटल्या, तळहात, दोनदा, आणि रक्त पुन्हा द्यावं लागणार हेही. सासू तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होती.

"आठ दिवस," सासू म्हणाली. "तिच्या मानेतली डायलिसिसची नळी दोनदा बदलून झाली. परवा थंडी वाजून ताप आला. आठ दिवस कुठून आणू मी?"

मुलीनं मान खाली घातली नाही.

"आणि हे तू मला तोंड वर करून सांगतेस."

"हो."

"मशीनला कळलं होतं?"

"नाही."

"कागदावर होतं?"

"नाही. ताईंना नुसती शंका होती."

सासू उठली. मुलगी एक पाऊल मागे सरली. सासूनं तिच्याकडे न बघता उजव्या हाताची बाही कोपराच्या वर दुमडली, घट्ट, एक घडी, दुसरी घडी.

"या हाताची शीर बरी आहे," ती बाईंना म्हणाली. "पण काम हिच्याच हातचं पाहिजे. चुकलं तर दुसरं कोणी मला सांगणार नाही."